पोझिशन टॉलरन्सचा दोन दिवसांचा वर्ग: माझा अनुभव

मी नऊ वर्षं इन्स्पेक्शनमध्ये आहे. व्हर्नियर, हाइट गेज, बोअर गेज, सीएमएम (जॉबचे बिंदू टिपून मापं काढणारं यंत्र), सगळं हाताखालून गेलंय. तरीही भोक खऱ्या जागेपासून किती सरकलेलं चालेल, म्हणजे पोझिशन टॉलरन्स, ते सांगणारी ड्रॉइंगवरची आडवी चौकट मी इतकी वर्षं अर्धीच वाचत होते. डावीकडे वर्तुळाला छेदून जाणाऱ्या दोन रेघांचं चिन्ह, त्यापुढे फाय (व्यासाचं चिन्ह) ०.५, वर्तुळातला एम आणि मग ए, बी, सी, म्हणजे ज्या बाजूंपासून मोजायचं त्या. मी फक्त ०.५ वाचायचे. रिपोर्टमधला आकडा त्याच्या आत असला की हिरवा शिक्का, बाहेर गेला की लाल टॅग.

वर्गाला जायचं कारण म्हणजे अकरा जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले भाग. चार भोकांच्या प्लेटचा चाळीसचा लॉट होता, भोकाचा साइज १०.५ ते १०.८ मिलिमीटर. सीएमएमच्या रिपोर्टमध्ये अकरा प्लेट ०.५ च्या वर गेल्या आणि मी त्या बाजूला काढल्या. मशीनवरचा ऑपरेटर येऊन म्हणाला, "ताई, बोल्ट तर सगळीकडं सरळ जातोय, मग रिजेक्ट कशाला?" मी त्याला रिपोर्ट दाखवला. पोझिशन ०.६४, परवानगी ०.५. तो काही न बोलता गेला आणि प्लेट स्क्रॅपमध्ये गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा प्लेट ड्रॉइंगप्रमाणे चांगल्या होत्या, हे मला या वर्गाच्या पहिल्याच दिवशी कळलं. ते कळल्यावर बराच वेळ मी वहीत काही लिहू शकले नाही.

म्हणून आधीच सांगते, तुम्ही इन्स्पेक्शनमध्ये, प्रोग्रामिंगमध्ये किंवा फिक्स्चर डिझाइनमध्ये असाल तर हा वर्ग जरूर करा. दोन दिवसांचा आहे आणि आम्ही बारा जण होतो. शिकवणारे सर टूलरूममधून निवृत्त झालेले. यात उणिवा आहेत, त्या पुढे लिहिते. पण चिन्हं पाठ करून घेण्याऐवजी "या भोकाला काय काम आहे?" इथून सुरुवात करणारं शिक्षण मला पहिल्यांदाच मिळालं, आणि त्या एका प्रश्नातून बाकीचं सगळं उलगडत गेलं.

पहिला तासभर प्रोजेक्टर बंदच होता. टेबलावर प्रत्येकासमोर १०० बाय १०० ची ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्यात ६० च्या चौकोनात चार भोकं, सोबत एम१० चे चार बोल्ट आणि जोडीची दुसरी प्लेट. सर एवढंच म्हणाले, "जोडून बघा." काहींची जोडी बसली, काहींची तीन बोल्टपर्यंत आली आणि चौथा अडकला. मग मोजायला सांगितलं. ज्याचा चौथा बोल्ट अडकला होता त्याच्या भोकाचं सरकणं आणि माझ्या बसलेल्या प्लेटमधल्या एका भोकाचं सरकणं अगदी सारखं निघालं: एक्समध्ये ०.२५, वायमध्ये ०.२०. दोघांचा रिपोर्ट एकच, ०.६४. तरी माझा बोल्ट जातो आणि त्याचा जात नाही.

फरक भोकाच्या साइजमध्ये होता. माझं भोक १०.७२, त्याचं १०.५२. सरांनी फळ्यावर गणित मांडलं. माझ्या भोकाची त्रिज्या ५.३६. केंद्र जागेवरून ०.३२ सरकलंय. म्हणजे ज्या बाजूला भिंत सगळ्यात जवळ आली, तिथेसुद्धा खऱ्या जागेपासून ५.०४ इतकी मोकळीक आहे. बोल्टला लागते ५.००. त्याच्या भोकात तीच मोकळीक ५.२६ वजा ०.३२, म्हणजे ४.९४ उरते. बोल्ट अडणारच. वर्तुळातला एम हेच सांगत असतो: ०.५ हा आकडा भोक सगळ्यात लहान असताना, म्हणजे १०.५ असताना लागू आहे. भोक जेवढं मोठं झालं तेवढी सूट पोझिशनला मिळते. माझ्या भोकाला ०.२२ ची सूट मिळून एकूण ०.७२ झाले, आणि ०.६४ त्यात बसतं. त्याला ०.०२ चीच सूट, एकूण ०.५२, आणि ०.६४ बाहेर. माझ्या अकरा प्लेटमधल्या बऱ्याच भोकांचा साइज १०.७ च्या पुढे होता. तो मी स्वतः बोअर गेजने मोजून त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या कॉलममध्ये लिहिला होता.

तो एम चौकटीत नसेल तर सूट नाही, हेही सरांनी लगेच बजावलं. तेव्हा भोक कितीही मोठं निघो, ०.५ म्हणजे ०.५. डॉवेल पिनसाठी, बेअरिंगच्या जागेसाठी तसंच लागतं, कारण तिथे मोकळीक वाढली म्हणून केंद्र सरकलेलं चालत नाही. जुन्या ड्रॉइंगवर काम करणाऱ्यांसाठी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत चौकट करून लिहून ठेवली आहे. अमेरिकन वाय१४.५ या ड्रॉइंगच्या स्टँडर्डच्या १९८२ च्या आवृत्तीत पोझिशनला एम, एल (एमच्या उलट, आकडा भोक सगळ्यात मोठं असताना लागू) की एस (सूट नाही) ते चौकटीत स्पष्ट लिहावंच लागायचं. १९९४ पासून काहीच लिहिलं नसेल तर सूट नाही असं धरायचं. म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कोणतं स्टँडर्ड आणि कोणतं साल लिहिलंय ते आधी बघायचं.

मग चौकोन आणि वर्तुळाचा विषय निघाला. हा बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण इथे तो कागदावर काढून घेतला. भोकाची जागा अधिक-उणे ०.१ ने दिली तर केंद्राला फिरायला ०.२ चा चौकोन मिळतो. कोपऱ्यात केंद्र ०.१४ लांब गेलेलं चालतं, पण सरळ रेषेत ०.११ गेलं की जॉब बाद. बोल्ट गोल आहे, त्याला कोपरा आणि बाजू यात काही फरक नाही. त्या चौकोनाचे चारही कोपरे कवेत घेणारं वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास ०.२८ येतो आणि क्षेत्रफळ चौकोनाच्या दीडपटीहून जास्त, नेमकं सांगायचं तर ५७ टक्क्यांनी जास्त. जॉब तेच, जोडणीही तीच, आणि चांगल्या जॉबना जागा वाढली. ही कल्पना मांडण्याचं श्रेय स्कॉटलंडमधल्या अलेक्झांड्रियाच्या टॉर्पेडो कारखान्यात काम करणाऱ्या स्टॅन्ली पार्कर यांना दिलं जातं. पार्करांचं नाव मी आधी ऐकलं नव्हतं. ज्या माणसामुळे इतके चांगले जॉब वाचले त्याचं नाव इन्स्पेक्शनमधल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

इथेच एक गोष्ट सांगते, कारण आमच्या बारांपैकी पाच जण इथे चुकले. चौकटीतलं ०.५ हे व्यासाचं माप आहे. केंद्र ०.३२ सरकलं तर पोझिशन ०.३२ नसते, दुप्पट म्हणजे ०.६४ असते. एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, गुणिले दोन. सीएमएम हे दोन आपोआप लावतं, म्हणून तिथे चूक होत नाही. हाइट गेजने मोजून कॅल्क्युलेटरवर करणाऱ्यांची हमखास होते, आणि ती चूक नापास जॉब पास करते.

दुपारी गेज आलं. एका जाड बेसवर १०.०० च्या चार पिना, ६० च्या चौकोनात, आणि दोन बाजूंना टेकायला दोन पट्ट्या. सगळ्यात लहान भोक १०.५, त्यातून ०.५ वजा केले की १०.००, म्हणून पिन दहाची. प्लेट बेसवर सपाट बसवायची, पट्ट्यांना आधी बी आणि मग सी बाजू टेकवायची आणि खाली दाबायची. माझी प्लेट चारही पिनांवरून आवाज न करता खाली बसली. आकडा नाही, रिपोर्ट नाही, आणि उत्तर बरोबर. शेजारच्याची प्लेट अर्ध्यावर अडकली, पण सरांनी ती उचलून भोकाच्या कडेवर बोट फिरवलं. एका ठिकाणी बर होती, म्हणजे कापताना उभा राहिलेला धातूचा बारीक काठ. फाइलचा एक हात मारला आणि प्लेट बसली. हे त्यांनी ठरवून केलं होतं की सहज घडलं ते माहीत नाही, पण मी आता गेज अडलं की आधी बोट फिरवते.

गेजच्या मर्यादाही त्यांनी सांगितल्या, आणि त्यासाठी मी त्यांना जास्त गुण देते. हे गेज भोकाचा साइज तपासत नाही. अकराचं भोक असलं तरी प्लेट आरामात बसेल, म्हणून गो आणि नो-गो प्लग (एक भोकात जायलाच हवा, दुसरा जाता कामा नये) वेगळे लागतातच. गेज बनवतानाही चूक होणार, ती जॉबच्या टॉलरन्समधून कापली जाते, त्यामुळे अगदी काठावरचा चांगला जॉब गेजमध्ये अडू शकतो. आणि मशीनवर ऑफसेट, म्हणजे जागेची दुरुस्ती, किती द्यायचा ते गेज सांगत नाही, त्यासाठी सीएमएमकडेच जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेटम, म्हणजे ज्या बाजूंना जॉब टेकवून मोजायचं त्या. या एका सत्रासाठीसुद्धा मी हा वर्ग पुन्हा केला असता. ए, बी, सी हा क्रम असतो हे मला ठाऊक होतं: ए वर तीन टेकू, बी वर दोन, सी वर एक. पण क्रम बदलला तर काय होतं ते कधी हाताने बघितलं नव्हतं. सरांनी दिलेल्या प्लेटच्या दोन कडा मुद्दाम काटकोनात नव्हत्या. कोपरा जरा कमी अंशाचा, १०० मिलिमीटरमध्ये ०.३ चा फरक. डोळ्याला कळत नाही, गुण्या लावला की प्रकाशाची बारीक फट दिसते. आधी बी कड पूर्ण टेकवून आणि सी ला एका बिंदूवर लावून लांबचं भोक मोजलं: ८०.०० आणि ८०.००, पोझिशन शून्य. मग तीच प्लेट, तेच भोक, फक्त आधी सी पूर्ण टेकवली आणि बी एका बिंदूवर. रीडिंग आलं ७९.७६ आणि ८०.२४. दोन्हीकडे ०.२४. पोझिशन ०.६८, सूट नसेल तर नापास. मी तीनदा पुसून, पुन्हा टेकवून बघितलं. तेच आलं.

आमच्याकडे सीएमएमवर जॉब लावताना बी आधी की सी आधी याचा प्रत्येक शिफ्टचा आपापला रिवाज होता. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी चार भोकांवरच बेस्ट फिट करून, म्हणजे कडा सोडून भोकांनाच आधार धरून, रिपोर्ट काढला जायचा, कारण आकडे छान यायचे. तसं केलं की कडांपासूनची जागा तपासलीच जात नाही. प्लेट असेंब्लीत कडेने टेकून बसणार असेल तर तो रिपोर्ट बिनकामाचा. घरी जाताना मला आमचे कितीतरी जुने रिपोर्ट आठवत होते.

त्यानंतर आली दोन मजली चौकट, म्हणजे कंपोझिट. वर फाय ०.५ ए बी सी, खाली फाय ०.२ फक्त ए. वरच्या ओळीत चारही भोकांचा पूर्ण संच कडांपासून किती सरकू शकतो ते, आणि खालच्या ओळीत भोकं एकमेकांपासून किती सरकू शकतात ते. हे तोंडी ऐकून कुणालाच नीट कळलं नाही. मग सरांनी आलेख कागद वाटला आणि शंभरपट मोठं करून चारही भोकांचं सरकणं त्यावर टिंबांनी मांडायला लावलं. माझी टिंबं होती ०.१५ आणि ०.१०, ०.२० आणि ०.१२, ०.१२ आणि ०.१६, ०.१७ आणि ०.१६. चारही वर उजवीकडे एका पुंजक्यात. मग पारदर्शक कागद दिला, त्यावर एकात एक वर्तुळं छापलेली. केंद्र आलेखाच्या शून्यावर ठेवलं: चारही टिंबं ०.५ च्या वर्तुळात, वरची ओळ पास. मग म्हणाले, आता कागद सरकवा. मी तो वर उजवीकडे, ०.१६ आणि ०.१३ च्या आसपास नेला आणि चारही टिंबं ०.२ च्या वर्तुळात आली, आत जागा ठेवून. खालची ओळ पास. चार भोकं एकमेकांना धरून आहेत, फक्त सगळा संच मिळून सरकलाय. म्हणजे ड्रिल किंवा प्रोग्रामला हात लावायची गरज नाही, जॉब झीरो करतानाची, म्हणजे मशीनवर मोजणीचा सुरुवातीचा बिंदू ठरवतानाची चूक आहे. एका कागदावरून मशीनवर जाऊन नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळतं, आणि याला सॉफ्टवेअर लागत नाही. तो पारदर्शक कागद आता माझ्या टेबलाच्या काचेखाली असतो.

कागद सरकवता येतो, पण संच फिरलेला असेल तर नुसतं सरकवून भागत नाही, ते वेगळं मोजावं लागतं. आणि एम असेल तर प्रत्येक भोकाचं वर्तुळ त्याच्या साइजप्रमाणे वेगळं. सरांनी दोन्ही सांगितलं, पण सरावाला उदाहरण दिलं नाही.

आता उणिवा. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घाई झाली, आणि ती महागात पडणाऱ्या विषयांवर झाली. टॅप केलेल्या, म्हणजे आटे पाडलेल्या भोकांसाठी वर्तुळातला पी असतो. स्टड (डोकं नसलेला बोल्ट) बसवल्यावर तो भोकाच्या बाहेर, वरच्या जॉबमध्ये जातो, म्हणून टॉलरन्सचा झोन भोकात न धरता वर, त्या जॉबच्या जाडीएवढा धरायचा. भोकाच्या १५ मिलिमीटर खोलीत अक्ष ०.१ कलला तर आणखी २० मिलिमीटर वर तो आणखी ०.१३ लांब जातो. भोकात सगळं ठीक, आणि वरची प्लेट बसत नाही. हे समजावलं, पण हातात काही दिलं नाही. एक कललेला स्टड आणि एक प्लेट एवढंच हवं होतं. बोल्ट दोन्ही जॉबमधल्या मोकळ्या भोकांतून जात असेल तर मिळणारी मोकळीक दोघांना पूर्ण मिळते, पण एका जॉबमध्ये टॅप असेल तर ती दोघांत वाटावी लागते, हे तर पाचच मिनिटांत उरकलं. आमच्या उदाहरणात ०.५ ऐवजी प्रत्येकाला ०.२५. डिझाइनवाल्यांसाठी हा सगळ्यात कामाचा भाग होता. भोकाच्या कडेला उरणारी भिंत वाचवण्यासाठी जो एल असतो, त्याचा तर एका वाक्यात उल्लेख झाला.

दुसरी मोठी उणीव म्हणजे सगळा वर्ग अमेरिकन पद्धतीवर बेतलेला आहे. आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या ड्रॉइंगवर काम करणाऱ्यांसाठी एकच स्लाइड होती. आयएसओ ८०१५ मध्ये साइज आणि आकार यांची मागणी स्वतंत्र धरतात, तर अमेरिकन पद्धतीत सगळ्यात मोठ्या साइजच्या पिनाला आदर्श आकाराच्या बाहेर जाता येत नाही. भोकांच्या संचासाठी आयएसओ ५४५८ वेगळं आहे. हा फरक तपासणीचं उत्तर बदलू शकतो, त्यासाठी अर्धा दिवस तरी हवा. तुमची ड्रॉइंग आयएसओची असतील तर नाव देण्याआधी हे विचारून घ्या.

सोबत मिळालेली वही चांगली आहे, आकृत्या मोठ्या आणि स्वच्छ. पण एका सोडवलेल्या उदाहरणात तेच गुणिले दोन राहून गेलं होतं आणि नापास भोक पास दाखवलं होतं. मी दाखवल्यावर सरांनी ते सगळ्यांसमोर मान्य केलं, फळ्यावर दुरुस्त केलं आणि प्रत्येकाच्या वहीत स्वतः पेनाने सुधारलं. छापील चुकीपेक्षा हे मला जास्त लक्षात राहिलं.

परत आल्यावर मी पहिल्यांदा ऑपरेटरकडे गेले आणि त्याला अकरा प्लेटचं गणित वहीतून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे बोल्टचं ऐकायला हवं होतं." मी हो म्हटलं. आता आमच्या रिपोर्टमध्ये पोझिशनच्या शेजारी भोकाचा साइज, मिळालेली सूट आणि एकूण परवानगी असे तीन कॉलम वाढवले आहेत, आणि डेटमचा क्रम वर मोठ्या अक्षरात लिहितो.

नाव नोंदवताना ते आपल्या कामातलं एक ड्रॉइंग, नाव-नंबर झाकून, आणायला सांगतात. मी घाईत सोपं नेलं. तुम्ही जाल तेव्हा ज्यावर तुमच्याकडे भांडण होतं ते न्या, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सर एकेकाचं ड्रॉइंग घेऊन बसतात आणि चौकट शब्दाशब्दाने वाचून घेतात. तेव्हा शेजारच्याने आणलेल्या पंप कव्हरच्या ड्रॉइंगवर अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात त्याने वहीची सहा पानं भरली.